जाणत्या माणसाला शिकवताना

मागच्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोललो. एखादी गोष्ट 'मला कळली' असं म्हणण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो, हा तिथला प्रश्न होता. आज त्याच प्रश्नाची व्यवहारातली बाजू घेऊ. कामावर असलेल्या, वयाने मोठ्या, संसारी माणसाला शिकवायचं कसं? विषय ऐकून कुणाला वाटेल, हा तर व्यवस्थापनवाल्यांचा प्रांत. आमच्या मते तो मुळात ज्ञानमीमांसेचा आहे, आणि उदाहरणासाठी आपल्याला लोणी काळभोरची वेसही ओलांडावी लागणार नाही.

सोलापूर रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहा. चार टँकर तरी जातील. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर पाइपलाइन इथल्या टर्मिनलला इंधन आणते आणि पुढे ते टँकरने गावोगावच्या पंपांवर पोचतं. हा टँकर चालवायला नुसतं अवजड वाहनाचं लायसन्स पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला नववा नियम सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या चालकाने मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण पुरं केलेलं असलं पाहिजे. पुढे उजळणीसाठी एका दिवसाचा वर्गही असतो. नियम चांगला आहे. प्रश्न असा, की त्या तीन दिवसांत नेमकं काय घडतं?

निवृत्तीनंतर अशाच एका वर्गात आम्हाला बोलावलं होतं. संस्थेचं नाव राहू द्या, कारण फजिती आमची होती. आम्ही बत्तीस स्लाइड घेऊन गेलो. समोर चाळीसेक चालक, दुपारची वेळ, नुकतं जेवण झालेलं. दीड तास आम्ही 'सुरक्षेची मानसिकता' समजावली. शेवटी विचारलं, "काही शंका?" एकही हात वर नाही. पस्तीस वर्षं शिकवून आम्हाला एवढंही कळू नये, पण तेव्हा वाटलं, वा, विषय अगदी स्वच्छ पोचला! मग पंधरा प्रश्नांचा पेपर झाला. सगळे पास.

चहाच्या वेळी पंचावन्नच्या पुढचे एक चालक जवळ आले. क्लीनर पोरं त्यांना उस्ताद म्हणत. ते म्हणाले, "सर, तुम्ही बोलता छान. पण पेपर आम्ही एकाचा बघून सगळ्यांनी लिहिला. आणि रिकाम्या गाडीचं तुम्ही जे सांगितलं ना, ते इथं कुणालाच पटलेलं नाही."

"मग वर्गात का नाही विचारलंत?"

"तुम्ही प्रोफेसर. उलट कोण बोलणार? आणि वाचायला उभं केलं तर? दोघातिघांना अडखळत वाचता येतं. चारचौघांत कशाला हसू करून घ्यायचं?"

या तीन-चार वाक्यांत प्रौढशिक्षणाचा निम्मा अभ्यासक्रम आला. आधी रिकाम्या गाडीचं बघू. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते त्याची वाफ. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच, साधारण दीड ते साडेसात टक्के. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी. रिकाम्या टाकीत तळाशी ओल राहते, वर वाफ आणि हवा. म्हणजे ठिणगीची वाट बघणारं मिश्रण तयार. म्हणून पुष्कळदा भरल्या टँकरपेक्षा रिकामा टँकर जास्त घातक. हे आम्ही स्लाइडवर लिहिलं होतं, आलेखासकट.

पण समोरच्या माणसाचं काय? तीस वर्षं त्याने गाडी खाली केली, हुश्श केलं, सावलीला लावली आणि तिथेच टेकून डबा खाल्ला. काही झालं नाही. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर आमच्याकडे होतं शब्दप्रमाण, त्याच्याकडे होतं प्रत्यक्ष. आणि शब्द प्रमाण केव्हा ठरतो? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे त्या विषयातला जाणता आणि विश्वासाचा असेल तेव्हा. टँकरच्या बाबतीत आम्ही कसले आप्त? आम्हाला साधा रिव्हर्स घेता येत नाही.

लहान मुलाला शिकवताना पाटी बरीचशी कोरी असते. मोठ्याच्या पाटीवर आधीच लिहिलेलं असतं, आणि त्यातलं बहुतेक बरोबर असतं. अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमाराला प्रौढांच्या शिक्षणाचं वेगळं शास्त्र मांडलं. अनुभव ही प्रौढाची ठेव असते, असा त्यांचा भर. खरंच आहे ते. पण ठेवीत एखादी खोटी नोटही असते, आणि ती तीस वर्षं चालली असेल तर तिच्यावरचा विश्वास सगळ्यात पक्का असतो. 'आजवर काही झालं नाही' हे 'होणार नाही' याचं प्रमाण नव्हे. मात्र हे नुसतं सांगून भागत नाही, दाखवावं लागतं.

पुढच्या वर्गाला आम्ही अग्निशमन दलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना विनंती केली. त्यांनी उघड्या मैदानात, सगळा बंदोबस्त करून, एक लांब पत्र्याची पन्हाळ तिरकी ठेवली. खालच्या टोकाला पेटती मेणबत्ती, वरच्या टोकाला पेट्रोलने भिजवलेलं फडकं. एक थेंबही खाली ओघळला नाही. पण वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती पन्हाळीतून न दिसता उतरत गेली, मेणबत्तीपाशी पोचली आणि ज्योत उलटी धावत फडक्यापर्यंत गेली. मैदान गप्प. मग मागून एकाने विचारलं, "म्हणजे वॉलपाशी बसून जेवतो तेव्हा आम्ही याच्यातच बसलेलो असतो का?" दोन वर्गांत मिळून आलेली ही पहिली शंका. अधिकारी साहेब तासभर उत्तरं देत होते. आम्ही नुसते उभे.

आता पाटीवरचं जे बरोबर आहे त्याचं. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यात फरक केला, आणि दुसरं हे पहिल्याचं नुसतं उपयोजन नव्हे असं म्हटलं. हा भाग आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. कळला मात्र टँकरवाल्यांकडून. अर्धी भरलेली गाडी वळणावर कशी वागते, हे आम्ही त्यांनाच सांगायला लावलं. उस्ताद म्हणाले, "ब्रेक मारला की गाडी थांबते, माल थांबत नाही. तो मागनं ढकलतो. वळणावर माल आधी वळतो, तेव्हा स्टेअरिंग हातात हलकं लागतं. ते हलकं लागायच्या आत वेग सोडायचा." हे कुठल्या स्लाइडवर लिहिणार? तरण्या चालकांनी ते त्यांच्या तोंडून ऐकलं ते वेगळ्याच कानांनी. जून २०२३ मध्ये खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गावर टँकर उलटून पेटला, जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला आणि चार जीव गेले, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कुणाला झोप आली नाही.

शिकवण्याच्या क्रमाचं थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजं बांधायला भराभर कामगार तयार करायचे होते. चार्ल्स अ‍ॅलन यांनी त्यासाठी चार पायऱ्या वापरल्या आणि १९१९ मध्ये पुस्तकात मांडल्या: माणसाचं मन तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग त्याला एकट्याने करू देऊन तपासा. मूळ कल्पना हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाची. बघा, तत्त्वज्ञान अगदीच बिनकामाचं नसतं! आपल्याकडे गडबड होते ती अशी, की दुसऱ्या पायरीवर तीन दिवस जातात आणि तिसरीला वेळ उरत नाही.

आम्ही पेपर रद्द करवला. त्याऐवजी प्रत्येकाने उभ्या गाडीपाशी जाऊन माल उतरवण्याचा क्रम करून दाखवायचा आणि करताना तोंडाने कारण सांगायचं. इंजिन बंद, चाकाखाली ठोकळा, आधी अर्थिंगची वायर, मगच होज. काढताना उलटं: होज आधी, अर्थिंग शेवटी. का? वाहत्या पेट्रोलने स्थिर वीज साठते, तिला जमिनीत जायला वाट हवी. गाडीवरच्या पाटीचंही तसंच. १२०३ म्हणजे पेट्रोल, शेजारच्या ३YE ऐवजी आम्ही फळ्यावर '३ वाय ई' लिहिलं: ३ म्हणजे फेस मारा, ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. ज्यांना वाचायला अडचण होती त्यांनी ही चिन्हं चित्रासारखी लक्षात ठेवली, आणि कुणाला ते कळलंही नाही.

आणखी एक. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तिने साक्षरतेसाठी एकेकटा माणूस न धरता अख्खं गाव धरलं. कामाच्या जागीही हेच लागतं. चालक शिकला आणि पंपावरचा माणूस 'चल, उरक लवकर' म्हणाला, की तीन दिवस पाण्यात.

म्हणून दीड महिन्याने आम्ही दोन-तीन पंपांवर गेलो. एके ठिकाणी आमच्याच वर्गातला चालक अर्थिंग न लावता होज जोडताना दिसला. आमच्या सोबतचे अधिकारी म्हणाले, "याला पुन्हा वर्गात बसवा." आम्ही त्याला विचारलं, क्रम सांगता का? त्याने न अडखळता सांगितला, कारणासकट. "मग लावली का नाही?" त्याने वायर उचलून दाखवली. पकडीची स्प्रिंग गेलेली, दात गंजलेले. वर ज्या पट्टीला ती लावायची तिच्यावर नव्या रंगाचा जाड थर. तो म्हणाला, "तीनदा सांगितलं, सर. वहीत लिहिलंय बघा."

आम्ही वही बघितली. त्याच्या अडखळत्या अक्षरात तीन तारखा होत्या. अधिकाऱ्यांनी चौथी नोंद स्वतःच्या हाताने केली, आणि नवी पकड येईपर्यंत ती गाडी तिथेच उभी राहिली.