धुरात विष कसे तयार होते?

गावाबाहेर उकिरड्याच्या कडेला पुष्कळदा काळा धूर दिसतो. कोणीतरी विजेच्या जुन्या वायरी जाळत असतो. वरचे प्लॅस्टिक जळून जाते, आत तांबे उरते. तांब्याला भाव येतो. आम्ही त्या माणसाला नावे ठेवीत नाही. आम्ही शाळेत होतो तेव्हा दर शनिवारी मुलांकडून आवारातला कचरा जाळून घेत असू. त्यात पिशव्या असत, फाटक्या चपला असत. तेव्हा आम्हांला तरी कुठे ठाऊक होते!

वायरीवर बहुधा पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिक असते. त्यात क्लोरीन असते. ब्लीचिंग पावडरला ज्याचा वास येतो, तेच हे. प्लॅस्टिकमध्ये ते बांधलेले असते, म्हणून वायर हातात धरली तरी काही होत नाही. जाळ लागला की ते सुटते, त्याची आम्लाची वाफ होते. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, तो या वाफेने.

खरी गोष्ट पुढेच आहे. उघड्यावरचा जाळ अर्धवट जळतो, काजळी धरतो. धूर निवू लागतो. उष्णता 200 ते 450 अंशांच्या दरम्यान आली की काजळी आणि क्लोरीन मिळून एक नवाच पदार्थ होतो. त्याला डायॉक्सिन म्हणतात. आणि तांबे त्यात विरजणाचे काम करते. चमचाभर विरजणाने भांडेभर दूध बदलते ना, तसेच. म्हणजे हे विष वायरीत नव्हते, जाळाने ते तयार केले. 1977 साली हॉलंडमध्ये कचरा जाळण्याच्या भट्ट्यांच्या राखेत शास्त्रज्ञांना ते सापडले.

मग जाळ मोठा करावा का? चांगल्या भट्टीत धूर निदान दोन सेकंद 850 अंशांवर ठेवतात, मग झटकन थंड करून गाळतात. उकिरड्यावर हे कसे जमणार?

डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत साठते. राख मातीत पडते. कोंबडी तिथेच टिपते. विष अंड्याच्या बलकात उतरते, आणि अंडे आपण पोराला देतो. अंगात गेलेले विष निम्मे व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात. त्याने कर्करोग होऊ शकतो.

वायर चाकूने चिरून सोलता येते. वेळ लागतो, हे खरे. पण जळके तांबे काळे पडते, त्याला भाव कमी येतो. जुन्या जाळाची राख वाफ्यात टाकू नका. कोंबड्यांनाही तिथे जाऊ देऊ नका.