विश्लेषण : नवी एअर रायफल अचूक कशी होते?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, ड्रिल आणि स्प्रिंग रोज हाताळणाऱ्यांची कमी नाही. त्यामुळे घरात नवी छऱ्याची बंदूक आली आणि पहिल्या आठवड्यात नेम लागेना, की ‘उघडून बघू, काय बिघडलंय ते’ हा विचार इथे जरा लवकर सुचतो. वास्तविक बहुतेक वेळा बंदुकीत काही बिघडलेले नसते. ती अजून ‘बसलेली’ नसते आणि चालवणाऱ्याचा हातही बसलेला नसतो. घाईने उघडलेली स्प्रिंग डोळ्यावर येऊ शकते आणि वाढवलेली ताकद थेट कायद्याच्या कक्षेत नेऊ शकते. म्हणूनच नव्या रायफलचे काय करावे आणि काय करू नये, हे समजून घेणे गरजेचे आहे.

रुद्रांक्ष पाटीलची रायफल आणि ही रायफल एकच का?

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचे जगज्जेतेपद पटकावले. २००६ मध्ये झाग्रेबला अभिनव बिंद्राने ते मिळवल्यानंतर या प्रकारात असे यश मिळवणारा तो दुसराच भारतीय पुरुष नेमबाज. त्याचे वडील बाळासाहेब पाटील हे पालघर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक राहिले आहेत. मात्र आजच्या स्पर्धेतील रायफलमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेची नळकांडी असते. ट्रिगर दाबल्यावर फक्त झडप उघडते, हिसका जवळपास बसत नाही. सर्वसामान्यांच्या घरी येते ती बहुधा स्प्रिंग-पिस्टनची, नळी मोडून भरायची रायफल. भारतात तिची परंपरा जुनी आहे. सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या मुंबईच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनेही एअर रायफल बनवल्या आहेत.

स्प्रिंगची रायफल चालते कशी?

नळी खाली मोडली की पिस्टन मागे सरकतो आणि त्यामागची जाड स्प्रिंग दाबली जाऊन अडकते. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि सिलिंडरमधली हवा क्षणार्धात दाबतो. ही तापलेली हवा बारीक छिद्रातून छऱ्यामागे येते आणि त्याला ढकलते. पिस्टन पुढे जाताना रायफल मागे सरकते आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे हिसका खाते. छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते. स्प्रिंगची रायफल चालवायला अवघड का, याचे उत्तर इथेच आहे.

याच कारणाने छर्रा न घालता बार काढू नये. पुढे छर्रा असला की अडलेल्या हवेची गादी पिस्टनला सावरते. छर्रा नसेल तर पिस्टन थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. अशा रिकाम्या बारांनी पिस्टनचे सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

पहिल्या दिवशी काय करावे?

कारखान्यातून आलेल्या नळीत गंज रोखणारे तेल असते. ते कोरड्या सुती कापडाच्या तुकड्यांनी पुसून काढावे. कापड नळीच्या मागच्या बाजूने घालून पुढून ओढावे. तुकडा स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करावे.

सिलिंडरमध्येही जास्तीचे तेल राहिलेले असू शकते. हवा दाबली जाऊन तापली की ते पेट घेते. सुरुवातीच्या बारांना धूर, जळक्या तेलाचा वास आणि एखादा मोठा आवाज येतो तो यामुळे. थोडे बार काढल्यावर हे आपोआप थांबते. पण आवाज मोठा म्हणजे बंदूक जोरदार, असे समजून छिद्रात मुद्दाम तेल सोडणे हा शुद्ध घात आहे. त्या स्फोटाने स्प्रिंग तुटू शकते आणि सील जळते.

दस्त्याचे स्क्रू आणि नळीच्या बिजागरीचा बोल्ट तपासावा. प्रत्येक बाराच्या हिसक्याने स्क्रू सैल होत असतात. सुरुवातीला दर ५० छऱ्यांनंतर ते बघावेत. घट्ट बसले की थांबावे. फार आवळल्यास लाकूड दबते किंवा चिरते. नव्या रायफलचा नेम अचानक बिघडला तर आधी स्क्रूड्रायव्हर घ्यावा, मग बाकीच्या शंका काढाव्यात.

नळी मोडलेली असताना एक हात नळीवर घट्ट ठेवूनच दुसऱ्या हाताने छर्रा भरावा. खटका निसटला तर नळी जोरात वर येते आणि मध्ये सापडलेले बोट चिरडते.

छर्रे इकडेतिकडे का जातात?

साधारण पहिले ३०० ते ५०० छर्रे सील, स्प्रिंग आणि ट्रिगर एकमेकांशी जुळण्यात जातात. त्याआधी बंदुकीबद्दल मत बनवू नये.

दुसरे कारण पकड. एनसीसीमध्ये पॉइंट २२ रायफल चालवलेल्यांना ती खांद्याशी घट्ट धरण्याची सवय असते. स्प्रिंगच्या रायफलला हे मानवत नाही. घट्ट धरली की दर वेळी दाब थोडा वेगळा पडतो, हिसका वेगळ्या दिशेने जातो आणि छर्राही. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकवावा, बोटांनी आवळू नये. खांद्याला हलका स्पर्श पुरे. रायफलला तिच्या सवयीने हलू द्यायचे, फक्त दर वेळी सारखेच हलू द्यायचे. टेकू हवा असेल तर वाळूची पिशवी हाताखाली ठेवावी. रायफल थेट टेबलावर किंवा भिंतीच्या कठड्यावर टेकवू नये.

तिसरे कारण छर्रा. ४.५ मिमी असे सगळ्याच डब्यांवर लिहिलेले असले तरी डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा बदलतो आणि प्रत्येक नळीची आवड निराळी असते. दोन-तीन प्रकारचे छर्रे आणून १० मीटरवरून प्रत्येकाचे पाच-पाच बारांचे गट घ्यावेत. पाच छिद्रे जिथे सर्वात जवळ पडतात तो छर्रा आपला. ती मध्यबिंदूपासून दूर असली तरी हरकत नाही. गट जमला की साइट फिरवून तो मध्यावर आणता येतो. नियम सोपा आहे : मागची साइट ज्या दिशेला सरकवावी, त्या दिशेला छर्रा सरकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. छर्रा, पकड आणि साइट एकदम बदलल्यास काय सुधारले ते कळत नाही.

दुर्बीण लगेच लावावी का?

नाही. पहिला महिना उघड्या साइटवर सराव केल्यास पकडीतली चूक लगेच दिसते. नंतर दुर्बीण घ्यायचीच असेल तर ती स्प्रिंग-पिस्टन रायफलसाठी बनवलेली असावी. दोन्ही दिशांच्या हिसक्यांनी साधी दुर्बीण आतून निखळते. तिची पकड मागे सरकू नये म्हणून अडकणीची खीळ असलेला माउंट वापरावा. नेम रोज थोडा-थोडा हलत असेल तर बऱ्याचदा माउंट सरकलेला असतो.

बंदूक उघडून ‘ट्यून’ करावी का?

स्प्रिंग सुटताना ‘टणण्’ असा नाद येत असेल तर तो बहुधा स्प्रिंग आणि तिच्या आतल्या गाइडमधल्या सैलपणाचा असतो. जाणकार कारागीर गाइड नेमक्या मापाचा बनवतो, पिस्टनच्या कडांवरचा बर काढतो आणि मॉली ग्रीसचा पातळ हात देतो. यातून बंदूक शांत आणि मऊ होते, गट लहान होतो. चांगल्या ट्यूनिंगचा अर्थ एवढाच. ते ताकद वाढवण्यासाठी नसते.

पण नळी मोडून स्प्रिंग ताणलेली नसतानाही ती दाबाखाली असते. मागची खीळ काढताच ती भाल्यासारखी बाहेर येते. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय रायफल खोलू नये, मग हातात कितीही वर्षांचे फिटरकाम असो. ट्रिगरचा स्क्रूही कमालीचा हलका करू नये. धक्क्याने सुटणारी रायफल कोणाच्याही घरात नको. वॉरंटी असेपर्यंत हे काम उत्पादकाकडेच द्यावे.

ताकद वाढवली तर काय होते?

शस्त्र कायदा १९५९ अंतर्गत केलेल्या शस्त्र नियम २०१६ नुसार, नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा असलेली किंवा ४.५ मिमीहून (०.१७७ इंच) मोठ्या व्यासाची हवाई शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. ऊर्जेचा हिशेब घरी करता येतो : छऱ्याचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे, त्याला सेकंदाला मीटरमधल्या वेगाने दोनदा गुणावे आणि २००० ने भागावे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने गेला की २० ज्यूलची रेषा गाठली जाते. स्प्रिंगमागे वॉशर घालून ती ताणणे किंवा जाड स्प्रिंग बसवणे म्हणजे या रेषेकडे आंधळेपणाने जाणे. दुकानातून विनापरवाना आणलेली वस्तू अशा वेळी विनापरवाना शस्त्र ठरू शकते.

या ताकदीचा नेमबाजीत उपयोगही नाही. स्पर्धेतील ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो. हिशेब करा, ऊर्जा जेमतेम साडेसात ज्यूल येते. एवढ्यावर १० मीटरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा दहा गुणांचा ठिपका टिपला जातो. ताकद वाढली की हिसका वाढतो आणि नेम जातो.

सराव कुठे आणि कसा करावा?

गॅलरी, गच्ची, वाडी किंवा समुद्रकिनारा ही सरावाची जागा नव्हे. मोकळा सुटलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. घरच्या बंदिस्त जागेत सराव करायचा तर कापडाच्या चिंध्या ठासून भरलेल्या खोक्यामागे जाड लोखंडी पत्रा लावावा. नुसत्या पत्र्यावर किंवा दगडावर मारल्यास छर्रा उलटून येतो, म्हणून चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नयेत आणि सरावानंतर हात साबणाने धुवावेत. मुलांच्या हाती रायफल मोठ्यांच्या देखरेखीखालीच द्यावी, एरवी ती आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात ठेवावेत.

बेचकीने पाखरे टिपण्याची सवय गावोगाव होती. पोपट, मैना, बुलबुल यांच्यावर नेम धरणे ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकार आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. रायफल नेहमी बंद बॅगेत न्यावी, सोबत बिल आणि ओळखपत्र असावे. अणुऊर्जा केंद्र असलेल्या तारापूर परिसरात उघडी बंदूक घेऊन फिरणे म्हणजे पोलिसांना स्वतःहून आमंत्रण.

खेळ म्हणून पुढे जायचे तर वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज बोईसरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. पनवेलला ऑलिम्पियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. रोजचे जाणे-येणे कठीणच, पण महिन्यातून एकदा प्रशिक्षकाने पकड तपासली तरी घरच्या सरावाला दिशा मिळते.

किनारपट्टीच्या हवेत काय काळजी घ्यावी?

केळवे, सातपाटी, चिंचणीकडची खारी दमट हवा लोखंडाला सोडत नाही. हाताचा घाम लागलेली नळी एका रात्रीत तांबूस होऊ शकते. सराव संपल्यावर बाहेरचा भाग तेलाचा हात फिरवलेल्या फडक्याने पुसावा. हवेच्या छिद्रात मात्र तेल जाऊ देऊ नये. पावसाळ्यात रायफल रेक्झिनच्या बॅगेत कोंडून ठेवू नये, आत ओल धरते. कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत रायफल कधीही ठेवू नये. स्प्रिंग थकते आणि अपघाताचा धोका वेगळाच.

एक वही करावी. तारीख, छऱ्याचा प्रकार, पाच बारांच्या गटाची रुंदी आणि त्या दिवशी काय बदलले, एवढेच लिहावे. पाचशे छऱ्यांनंतरही, छर्रे बदलून आणि स्क्रू तपासूनही गट लहान होत नसेल, तर ती वही आणि रायफल घेऊन जाणकाराकडे जावे. दोष बंदुकीत आहे की हातात, हे त्या वहीवरून त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल.