फुटबॉल क्लबांची प्रादेशिक स्पर्धा आणि प्रेक्षकवाढ

प्रस्तावना :
मैदानावर दोन फुटबॉल क्लब प्रतिस्पर्धी असतात. प्रेक्षक मिळविण्याच्या बाबतीत मात्र ते परस्परावलंबी असतात. अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये व्यावसायिक क्रीडाक्षेत्राचे हे वेगळेपण दाखवून दिले. शेजारचे दुकान बंद पडल्यास दुकानदाराचे गिऱ्हाईक वाढते. पण तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यास क्लबाचा प्रेक्षक घटतो. प्रस्तुत लेखात या तत्त्वाच्या आधारे कोल्हापूर, पुणे व गोवा येथील अनुभवांचा विचार केला आहे.

कोल्हापूर : तालमीचा वारसा
पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालीम मंडळांच्या नावांतच कोल्हापूरच्या फुटबॉलचा कुस्तीशी व पेठेशी असलेला संबंध दिसतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचे सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. हे मैदान जुन्या पेठांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. येथील प्रेक्षक तालमीची निष्ठा घरातूनच घेऊन येतो. आपला संघ सरस ठरावा म्हणून मंडळांनी बाहेरगावचे, प्रसंगी परदेशी खेळाडूही आणले. या चुरशीमुळे खेळाचा दर्जा आणि गर्दी दोन्ही वाढली. तथापि, ईर्ष्येचे पर्यवसान हाणामारीत झाले की सामने थांबतात व कुटुंबासह येणारा प्रेक्षक दुरावतो. म्हणजेच जी निष्ठा गर्दी जमवते, तीच अनियंत्रित झाल्यास गर्दी घालवते.

पुणे : वलयाच्या मर्यादा
२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. एफसी पुणे सिटीने पहिल्याच हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता खेळाडू डेव्हिड त्रेझेगे यास करारबद्ध केले. शेजारच्या मुंबई सिटीशी होणाऱ्या लढतीस प्रादेशिक रंगही होता. परंतु २०१९ मध्ये क्लब बंद झाला व लीगमधील त्याची जागा हैदराबादला मिळाली. नामवंत खेळाडू प्रेक्षकास प्रथम मैदानावर आणतो; त्याला पुन्हा आणणारी आपुलकी रुजण्यास अनेक हंगाम जावे लागतात. क्लबच उरला नाही, तर ती आपुलकी निराधार होते.

गोवा : स्पर्धेची रचना
गोव्यात धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग यांसारख्या क्लबांना जुना चाहतावर्ग होता. मात्र, राष्ट्रीय स्पर्धांच्या फेररचनेत आय-लीगला दुय्यम स्थान मिळण्याची चिन्हे दिसताच हे तिन्ही क्लब २०१६ मध्ये तिच्यातून बाहेर पडले. स्थानिक ओढ कितीही असली, तरी वरच्या स्पर्धेकडे जाणारी वाट खुली नसल्यास क्लबाचे बळ खचते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
जवळचे मैदान, ओळखीचा प्रतिस्पर्धी, सामन्यांचे सातत्य व सुरक्षित वातावरण हे प्रेक्षकवाढीचे चार आधार होत. मराठवाड्यातील महाविद्यालयांसाठी हा विचार उपयुक्त आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा एकाच यजमान ठिकाणी काही दिवसांत उरकतात. त्यामुळे इतर संघांना घरच्या प्रेक्षकांसमोर खेळण्याची संधीच मिळत नाही. मुदखेड, भोकर, उमरी अशा शेजारील तालुक्यांच्या संघांनी आलटून-पालटून एकमेकांच्या मैदानावर सामने खेळल्यास अल्प खर्चात प्रेक्षकवर्ग घडू शकेल. त्यासाठी नामवंत खेळाडूंपेक्षा पाळले जाणारे वेळापत्रक अधिक महत्त्वाचे आहे.