सरकी, जिन आणि जळगाव

वेचलेल्या कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई असते, बाकीची बहुतेक सरकी. सरकी काढल्याशिवाय त्याची ना गाठ बांधता येते, ना सूत कातता येते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या औद्योगिक वाढीचा एक मोठा धागा या कंटाळवाण्या कामापासून निघतो आणि तो खानदेशातल्या जळगावपर्यंत येऊन पोचतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तंतूंना घट्ट चिकटलेली असे. हाताने काढायची तर दिवसभर राबून माणशी जेमतेम अर्धा किलो रुई हाती लागे. 1793 मध्ये एली व्हिटनीने सरकी काढणारे यंत्र, म्हणजे जिन, तयार केले; त्यात तारेचे दात बसवलेला लाकडी दंडगोल होता. दात अरुंद फटींतून रुई ओढून घेत, फटीत न मावणारी सरकी अलीकडेच गळून पडे आणि मागचा फिरता ब्रश दातांवरची रुई झाडून टाकी. 1794 मध्ये त्याला पेटंट मिळाले. पण यंत्र इतके सोपे, की पाहिले त्याला बनवता येई. व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर यांनी मोबदला म्हणून मालाचे दोन पंचमांश मागितले, तेव्हा मळेवाल्यांनी सरळ नक्कल करून घेतली. खटल्यांत वर्षे गेली आणि तोवर पेटंटची मुदतही सरत आली. मोकळ्या उद्योगाचे गोडवे गाताना हे सहसा कोणी सांगत नाही. शोध लावणाऱ्याच्या पदरी फारसे पडले नाही, यंत्राचा प्रसार केला तो नकलाकारांनी.

याहून काळी बाजू गुलामगिरीची. जिनने सरकी काढण्याचे श्रम वाचवले, लागवड आणि वेचणी मात्र हातावरच राहिली. जितकी रुई स्वस्त, तितके मळे वाढले आणि तितकी गुलामांना मागणी. 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये ते 40 लाखांच्या घरात गेले. ही रुई न्यू इंग्लंडच्या आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत जाई. म्हणजे ज्या व्यापाराला मुक्त म्हणायचे, त्याच्या मुळाशी विकत घेतलेली माणसे होती.

1861 मध्ये यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरचा कापूस तुटला. तिथल्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या आणि मुंबईच्या बाजारात भाव भडकले. जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ बनले. आगगाडी अजून अर्ध्या वाटेवरच होती. मुंबईच्या वाटेवरच्या थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला तो 1865 मध्ये, म्हणजे युद्ध संपण्याच्या वर्षी. तेजीतल्या मालाला तोवर घाटात बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते. भेसळही फोफावली. गाठीत ओली रुई, सरकी, माती भरली जाई. सरकारने 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच केला. खानदेशचे कलेक्टर अॅशबर्नर यांनी हिंगणघाटचे चांगले बी आणवून पेरायला लावले. नफ्याची ओढ कितीही असो, बी, कायदा आणि रूळ यांसाठी सरकारचा हात लागलाच. 1865 मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले आणि जळगावच्या व्यापाऱ्यांना जबर फटका बसला.

तरी पेठ मोडली नाही, कारण रेल्वे आणि यंत्रे मागे राहिली. व्हिटनीच्या पद्धतीचे करवती जिन देशी वाणांना मानवत नसे, त्यांचे आणखी आखूड तंतू त्यात तुटत. इथे रुजला तो दुसरा अमेरिकी शोध, 1840 मध्ये पेटंट मिळालेला मॅकार्थीचा रूळ-जिन. त्यात चामडे चढवलेला रूळ तंतू पकडून स्थिर पात्याखालून ओढतो आणि वरखाली हलणारे पाते सरकीला टोले देऊन ती सोडवते. रुई पुढे, सरकी खाली. लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या कारखान्यांनी हे यंत्र वाफेवर चालेल असे घडवून भारतात विकले.

1870 च्या दशकात जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. मुंबईचे कापड व्यापारी मुळजी जेठा यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे, गावातल्या कॉलेजलाही पुढे तेच नाव मिळाले. कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची, हा त्यामागचा साधा हिशेब. वाढत्या वस्तीला पाणी हवे होते, ते नळाने आले मेहरूण तलावातून. बोरांसाठी नावाजलेले मेहरूण गाव असे या कारखानदारीला बांधले गेले; आज तर ते जळगाव शहरातच सामावले आहे. कलेक्टर पोलन यांच्या नावाची पोलन पेठही त्याच भरभराटीच्या काळातली. 1901 च्या शिरगणतीत जळगावची वस्ती 16,259 होती आणि 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे इथे आले.

खानदेश मिल पुढे बंद पडली. जिनिंग-प्रेसिंग मात्र टिकून आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगवर लागतात, गाठी सूतगिरण्यांकडे जातात, सरकीचे तेल निघते आणि ढेप जनावरांपुढे पडते. यंत्रांचे तत्त्व मॅकार्थीचेच आहे, फक्त एका रुळाच्या जागी बहुतेक ठिकाणी दोन रूळ असतात. असे दुहेरी रुळांचे जिन आता नागपुरात तयार होतात आणि तिथून आफ्रिकेतल्या देशांतही जातात.