शॅमेलिऑनसाठी काचेची पेटी नको, उभा जाळीदार पिंजरा हवा. त्याआधी कायदा पाहा

खुर्सीपार (भिलाई) : रंग बदलणारा शॅमेलिऑन पाळू इच्छिणाऱ्यांसमोरचा पहिला प्रश्न पिंजऱ्याचा नसून कायद्याचा आहे. भारतात आढळणारा शॅमेलिऑन, अर्थात सरडगुहिरा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे वा घरी ठेवणे गुन्हा असल्याने त्याच्यासाठी कोणताही पिंजरा योग्य ठरत नाही. येमेन व सौदी अरेबियातील ‘वेल्ड शॅमेलिऑन’ ही जाती ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश २.०’ संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे.

नोंदणीकृत प्राण्यासाठी पिंजरा निवडताना लांबीपेक्षा उंचीला महत्त्व द्यावे. शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी असून उंचावर त्याला सुरक्षित वाटते. प्रौढ वेल्ड शॅमेलिऑनसाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच पिंजरा सोयीचा ठरतो. बंदिस्त काचेच्या पेटीत हवा कोंडते. शिवाय काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसल्याने प्राणी बिथरतो. म्हणून बाजूंना जाळी हवी. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा.

आत वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या फांद्या व जास्वंदीसारखी जिवंत झाडे असावीत. शॅमेलिऑन सहसा वाटीतले पाणी पीत नाही; पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे फवारणी आणि तळाशी निचरा दोन्ही आवश्यक आहेत. हाडांच्या बळकटीसाठी अतिनील-बी किरणांचा दिवा लागतो. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे खिडकीतले ऊन पुरेसे नसते. चटका बसू नये यासाठी उष्णतेचा दिवा जाळीबाहेर लावावा.

भिलाईसारख्या शहरात खरी कसोटी उन्हाळ्याची असते. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर या प्राण्याला दिव्याखाली सुमारे ३० ते ३५ अंश आणि खाली त्याहून थंड जागा लागते. उष्ण खोलीत दिवा तापमान धोकादायक पातळीवर नेऊ शकतो. पत्र्याच्या छताखाली वा पश्चिमेच्या गच्चीत पिंजरा ठेवू नये. प्राणी आणण्यापूर्वी आठवडाभर रिकाम्या पिंजऱ्यात वर व खाली तापमापक लावून दुपारच्या नोंदी घ्याव्यात. खालचा भाग थंड राहत नसेल, तर ती जागा या प्राण्यासाठी नाही.