ताप एक, बाटल्या दोन



आपण पाड्यांसाठी जी औषधे पाठवता, त्यांत लहान मुलांच्या तापाचे पॅरासिटामॉल हमखास असते. पावसाळ्यात त्याचीच मागणी जास्त. मी परिचारिका नाही. माझे शिक्षण ईशज्ञानाच्या पदविकेचे. पण औषधे घरोघरी पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असल्याने दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला एक गोष्ट नीट समजावून दिली. ती आपल्यालाही माहीत असावी.

हे औषध छोट्या बाटलीत थेंबांच्या रूपात मिळते आणि मोठ्या बाटलीत सिरपच्या. छोटी बाटली बाळाची, म्हणून ती सौम्य असणार असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात थेंबच अधिक तीव्र असतात. थेंबांच्या १ मि.लि.मध्ये साधारणपणे १०० मि.ग्रॅ. औषध असते, तर नेहमीच्या सिरपच्या ५ मि.लि.मध्ये १२० किंवा १२५ मि.ग्रॅ. म्हणजे जवळजवळ चौपट फरक. शिवाय ५ मि.लि.मध्ये २५० मि.ग्रॅ. असलेले सिरपही बाजारात आहे.

मात्रा ठरते ती वजनावर. एका वेळी दर किलोला १० ते १५ मि.ग्रॅ., दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. ८ किलोच्या बाळाला १०० मि.ग्रॅ. पुरे, म्हणजे थेंबांचे १ मि.लि. किंवा १२५ च्या सिरपचे ४ मि.लि. सिरपचे माप डोक्यात ठेवून आईने थेंबांच्या बाटलीतून ४ मि.लि. पाजले, तर पोटात ४०० जातात. असे दिवसभर होत राहिले तर यकृताला इजा होऊ शकते. ती लगेच दिसत नाही. बाळ पहिला दिवस बरे वाटू शकते. म्हणून जास्त औषध गेल्याची शंका आली तर वाट न पाहता बाळाला बाटलीसकट दवाखान्यात न्यावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

परिचारिकांना शिकवलेल्या पाच गोष्टी इथेच उपयोगी पडतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाड्यावर आम्ही त्या अशा पाळतो. आधी बाळाचे वजन करतो. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून सुई नसलेली सिरिंज देतो आणि मात्रेच्या रेषेवर रंगीत चिकटपट्टी लावतो. वाचता न येणाऱ्या आईसाठी कागदावर सूर्य आणि चंद्र काढून वेळा दाखवतो. शेवटी सिस्टर म्हणतात, "ताई, आता तू भरून दाखव." तिने बरोबर भरले की मगच बाटली तिच्या हाती जाते. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकते, म्हणून घरात आधीची बाटली आहे का, हेही विचारतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे पाठवतो.

आपल्याकडून तीन गोष्टींची विनंती आहे. फोडलेल्या बाटल्या पाठवू नयेत. मुदत संपत आलेले किंवा लेबल पुसलेले औषध देऊ नये. आणि शक्य असल्यास बाटल्यांबरोबर ५ मि.लि.च्या सिरिंजही पाठवाव्यात. त्या स्वस्त असतात, पण आमच्याकडे नेहमी कमी पडतात.