घोड्याचा तोबरा आणि दयेचे माप

लग्नसराई सुरू झाली की धाराशिव, तुळजापूर, भूम, परांडा येथील मंगल कार्यालयांसमोर झूल पांघरलेली घोडी उभी दिसते. वरातीचा मुहूर्त लांबतो, वाद्यांचा गजर चालू राहतो आणि घोडी तासन्‌तास उन्हात तिष्ठत राहते. मंडपातून येणारा एखादा स्नेहाळ पाहुणा तिच्या तोंडाशी पेढा धरतो, कोणी गुळाचा खडा देतो, कोणी ओंजळभर हरभऱ्याची डाळ. पाण्याची बादली आणि कडब्याची पेंढी मात्र सहसा कोणाला सुचत नाही. यात दुष्टपणा मुळीच नसतो. असते ती दयाच. परंतु घोड्याच्या बाबतीत दयेलाही माप लागते, आणि ते माप त्याच्या पोटाच्या रचनेने ठरवून दिलेले आहे.

गाय व घोडा दोघेही चारा खातात, म्हणून दोघांचे पोट सारखेच असावे असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. मोठ्या गाईच्या पहिल्या जठरकप्प्यात शंभराहून अधिक लिटर चारा मावतो आणि ती सवडीने रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. पूर्ण वाढलेल्या मोठ्या घोड्याच्या जठरात जेमतेम ८ ते १५ लिटर मावते. चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्मजीवांकरवी होते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले बाधक अन्न बाहेर टाकण्याचा मार्ग निसर्गाने त्याला दिलेला नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवत असते. तो पाच-सहा तास उपाशी उभा राहिला तर रिकाम्या जठराला व्रण पडण्याची भीती असते. दुसरी अशी की, एकाच वेळी पुष्कळ धान्य मिळाले तर ते न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आंबते आणि तीव्र पोटशूळ उठतो. कधी खुरांच्या आतील भागाला दाह होऊन जनावर कायमचे अधू होते. म्हणजे दिवसभर उपाशी ठेवून सायंकाळी घमेलेभर हरभरा घालणे, हे उपासाचे प्रायश्चित्त नसून दुसरा अपराध ठरतो.

व्यापारी कुटुंबांना हिशेबाची भाषा अधिक जवळची वाटेल. घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा आहार लागतो. आपल्याकडील तट्टू ३०० किलोचे धरले तर ही गरज ६ किलो होते. काम हलके असेल तर त्यातील ५ किलो वाळलेले गवत वा कडबा आणि उरलेला १ किलो धान्य, तेही दोन वेळांत विभागून, असा हिशेब बसतो. सोबत सुमारे ३० ग्रॅम मीठ आणि १५ ते २५ लिटर स्वच्छ पाणी. उन्हाळ्यात व श्रमाच्या दिवशी पाण्याची गरज याहून बरीच वाढते. आहारात बदल करावयाचा तर तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा, कारण आतड्यातील सूक्ष्मजीवांना नव्या अन्नाची सवय व्हावी लागते.

धाराशिव जिल्हा रब्बी ज्वारीचा व हरभऱ्याचा. घोड्याला द्यावयाच्या धान्याला मराठीत ‘चंदी’ म्हणतात, आणि ती तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातून दिली जाते. दख्खनच्या काटक भीमथडी तट्टांचा आहार हाच होता: कडबा, गवत आणि भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी. कडब्यात प्रथिने कमी, हरभऱ्यात सुमारे २० टक्के. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मात्र कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला चारू नये. तिच्यातील विषारी द्रव्याने मूत्राशय व मागील पायांचे विकार जडतात. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फार कमी असतो.

खरी गफलत होते ती कोंड्याच्या बाबतीत. गव्हाचा कोंडा हलका व स्वस्त, म्हणून तोच भरपूर घातला जातो. परंतु कोंड्यात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या जवळपास दहापट असतो. रोज कोंड्यावरच ठेवलेल्या घोड्याचे शरीर कॅल्शियमची तूट हाडांतून भरून काढते. हाडे ठिसूळ होतात, जबडा व चेहरा सुजल्यासारखा दिसतो. युरोपात या विकाराला गिरणीवाल्यांचा रोग असे नाव पडले होते, कारण गिरणीमालकांच्या घोड्यांनाच कोंडा सर्वांत मुबलक मिळत असे. विपुलतेतही उपासमार असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. कॅल्शियमने समृद्ध असा थोडा लसूणघास आहारात ठेवला तर ही तूट बऱ्याच अंशी भरून निघते.

आणखी एक गोष्ट अडत दुकाने व गोदामे असलेल्या कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. पावसात भिजलेले, कुबट वासाचे धान्य विक्रीस योग्य राहत नाही; मग ‘निदान मुक्या जनावरांच्या मुखी तरी लागेल’ म्हणून ते दान केले जाते. बुरशी धरलेला मका घोड्याच्या मेंदूवर आघात करून त्याचा प्राण घेऊ शकतो. त्याचप्रमाणे गुरांच्या व कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; गुरांना ते मानवते, घोड्याला अत्यल्प मात्रेतही मारक ठरते. जे धान्य आपल्या स्वयंपाकघरात नेण्यास मन धजत नाही, ते दानाच्या पोत्यात भरू नये.

घोड्याच्या दाणावैरणीचा हिशेब हा महाराष्ट्रात राज्यकारभाराचा विषय होऊन गेला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिपळूण परिसरातील छावणीच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच मनमानेल तशी खर्च केली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढे लष्कर रयतेच्या धान्याला हात घालील, ही चिंताही त्यात आहे. निष्काळजीपणाने घडलेल्या उपासमारीस त्या पत्राने हत्येच्या पंक्तीस बसविले.

जैन आचारविचारात हा दंडक याहून प्राचीन आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचे दोन तर वरातीच्या घोडीला जणू डोळ्यांसमोर ठेवूनच सांगितल्यासारखे वाटतात. घोडीच्या मालकाला ठरलेले पैसे दिले की आपले उत्तरदायित्व संपले, असे व्रती श्रावकाला म्हणता येत नाही. कारण तिला तिष्ठत ठेवणारा मुहूर्त यजमानाचा असतो.

उपाय मुळीच खर्चिक नाही. वरातीच्या यादीत फुले, वाद्ये, फटाके यांचा तपशील लिहिताना आणखी एक ओळ वाढवावी: घोडीसाठी सावलीची जागा, दोन बादल्या पाणी आणि कडब्याच्या चार पेंढ्या. गोड पदार्थ तिला देऊ नयेत, हे मुलांना प्रेमाने समजावून सांगावे. पांजरपोळास दान द्यावयाचे असेल तर तेथे कोणती जनावरे आहेत व त्यांना काय हवे आहे, हे आधी विचारून घ्यावे. अनेकदा हरभऱ्याच्या पोत्यापेक्षा शेकडा-दोन शेकडा चांगल्या कडब्याची निकड अधिक असते.

तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. मंदिरात त्या चिन्हापुढे नम्र होणारे मस्तक दाराशी उभ्या असलेल्या घोडीच्या रिकाम्या बादलीकडेही वळावे, एवढीच अपेक्षा.